तिसरीचा रकाना

१

जन्ममृत्यूच्या नोंदणी कचेरीत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर घरी स्वस्थ बसवत नाही. रजिस्टरकाकांनाही बसवलं नाही. हे नाव त्यांना कचेरीतल्या शिपायाने ठेवलं होतं आणि ते असं चिकटलं की गल्लीतला पोस्टमनही त्याच नावाने हाक मारायचा. निवृत्त झाल्यावर काकांनी लोकांचे वंशवृक्ष करून द्यायला घेतले. जुन्या नोंदवह्या कुठे असतात, कोणत्या कपाटाची किल्ली कोणाच्या खिशात असते, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

येणाऱ्या प्रत्येकाला खापरपणजोबा हवा असायचा. तोही साधासुधा नाही, निदान राजाच्या पदरी असलेला. काका सगळं ऐकून घेत आणि मग अकरा रकान्यांचा छापील तक्ता त्याच्यापुढे सरकवत.

"खापरपणजोबा कुठे पळून जात नाहीत. आधी स्वतःचं लिहा. मग भावंडांचं, मग आईवडिलांचं. एक पिढी पक्की झाल्याशिवाय तिच्या मागच्या पिढीला मी हात लावत नाही."

लोक हिरमुसायचे. आपल्या पिढीत काय शोधायचंय, ती तर डोळ्यांसमोर आहे, असं प्रत्येकाला वाटतं. काकांचा अनुभव उलटा होता. पणजोबांचं सगळे मिळून सांगतात, पण घरातल्या मधल्या काकूचं माहेरचं नाव विचारलं की एकमेकांची तोंडं बघत बसतात. त्यांच्या तक्त्यातला सहावा रकाना म्हणजे सगळ्यात साधा प्रश्न होता: तुमच्याखेरीज भावंडं किती, हयात आणि मयत धरून. काका तो प्रत्येक भावंडाला वेगवेगळं गाठून भरायला लावत. आकडे जुळले नाहीत की समजायचं, या घरात कोणाला तरी गाळलेलं आहे.

घरात काका आणि त्यांची लेक, अशी दोनच माणसं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेक शाळेत भूगोल शिकवायची, वय चौतीस, लग्नाचा विषय काढला की नकाशाची गुंडाळी उगारायची. चार ही तिची यायची वेळ, पण काका साडेतीनपासूनच खिडकीशी घोटाळायचे. त्यांचं जगात जे काही होतं ते एवढंच होतं.

एके दिवशी धाकटे डॉक्टर आले. त्यांचे वडील, मोठे डॉक्टर, एके काळी गावात देवासारखे मानले जायचे. आता दवाखान्याची नवी इमारत उठली होती आणि तिच्या दर्शनी भिंतीवर वैद्यांच्या पाच पिढ्या लावायच्या होत्या.

"आमच्या पिढीचं तुम्ही मनावर घेऊ नका, काका," धाकटे डॉक्टर म्हणाले. "मी, बहीण आणि धाकटा, आम्ही तिघं. ते मी लिहून देतो. तुम्ही पणजोबांपासून मागे जा."

काकांनी पुढे सरकवलेला तक्ता परत ओढून घेतला. मग म्हणाले, "चालेल."

पाहुणे गेल्यावर लेक पेपर तपासायचे सोडून बाहेर आली. "बाबा, तुम्ही 'चालेल' म्हणालात? तुम्ही? तब्येत बरी आहे ना?"

"वय झालं गं आता," काका म्हणाले. "किती दिवस लोकांशी वाद घालू?"

ती हसली. बापाने थाप मारलीय हे तिच्या ध्यानातही आलं नाही, कारण त्याने तशी कधी मारलीच नव्हती.

२

खरं काय ते सांगून टाकायला हवं.

चौतीस वर्षांपूर्वी ही लेक जन्मली तेव्हा निळी पडलेली होती. रडलीसुद्धा नाही. मोठ्या डॉक्टरांचा दवाखाना तेव्हा खाली होता आणि घर वर. त्यांनी बाळाला दवाखान्यातच ठेवून घेतलं आणि अक्षरशः मृत्यूच्या दाढेतून ओढून काढलं. सहाव्या दिवशी, सोमवारी, ती पहिल्यांदा जोरात रडली. मंगळवारी दुपारी काका तिला मांडीवर घेऊन खालच्या बाकावर बसले होते. तेव्हा जिन्यावरून एक मुलगी उतरली. सात वर्षांची असेल. एका हाताने भिंत चाचपत, एकेक पायरी जपून उतरत ती आली आणि बाळावर वाकली.

"ही कितवी?" तिने विचारलं.

"पहिलीच," काका म्हणाले.

"मी तिसरी," ती म्हणाली, आणि तिने बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं. तेवढ्यात वरून कोणीतरी धावत आलं आणि तिला उचलून घेऊन गेलं.

गुरुवारी, मधल्या सुट्टीत, मोठे डॉक्टर स्वतः कचेरीत आले. त्यांनी आपल्याच सहीचा मृत्यूचा दाखला टेबलावर ठेवला. मुलगी, वय सात, कारण ताप, तारीख सोमवारची. अंत्यविधीची पावती जोडलेली नव्हती.

काकांनी तारीख वाचली. पुन्हा वाचली. वर पाहिलं तर डॉक्टर त्यांच्याकडेच बघत होते.

"बाळ कसं आहे आता?" डॉक्टरांनी विचारलं. "अजून महिनाभर तरी माझ्या नजरेखाली ठेवावं लागेल तिला."

काकांनी लेखणी उचलली आणि नोंद केली. दाखल्यावरचं नाव त्यांनी नोंदवहीत उतरवून घेतलं, पण उतरवताना वाचलं नाही. पावतीच्या रकान्यात 'मागाहून' असा शेरा मारला. ती मागाहूनही आली नाही.

पुढे त्या मुलीचं काय झालं हे काकांनी कधीच विचारलं नाही. ते विसरले होते असं म्हणावं तर तेही नाही. उलट, तेवढं सोडून बाकी बरंच ते विसरले होते. वंशवृक्षाचं हे काम दुसऱ्या कोणाच्या हाती गेलं असतं तर त्याने सहावा रकाना भरून घेतला असता, भावंडांना वेगवेगळं गाठलं असतं, जुनी नोंदवही काढली असती आणि खाली सही कोणाची आहे हे पाहिलं असतं. म्हणून काका 'चालेल' म्हणाले.

३

दहाव्या दिवशी पोस्टमनने तीन पाकिटं टाकली. तिन्हींत काकांचेच छापील तक्ते होते, भरलेले. एक धाकट्या डॉक्टरांचा, एक त्यांच्या बहिणीचा, जी कॉलेजात शिकवायची, आणि तिसरा धाकट्या भावाचा, ज्याचा फोटो स्टुडिओ होता. हस्ताक्षरं तीन तऱ्हेची होती, शाई तीन रंगांची होती.

काकांनी हे तक्ते कोणालाही पाठवले नव्हते.

त्यांनी टेबलाच्या खणातला गठ्ठा काढून मोजला. पन्नास होते, ते सत्तेचाळीस निघाले. लेकीने उचलून पाठवले असतील, त्यांनी मनाशी म्हटलं. बापाचा नियम मोडू नये म्हणून. तिचा स्वभावच तसा आहे. इतकं म्हणून झाल्यावर त्यांनी सहावा रकाना पाहिला.

तुमच्याखेरीज भावंडं किती: तीन. तीन. तीन.

स्वतःला धरून मोजलं असणार, काकांनी पुन्हा मनाची समजूत घातली. शिकलेली माणसंसुद्धा ही चूक करतात, कचेरीत रोज व्हायची. मग त्यांची नजर सातव्या रकान्यावर गेली. तुम्ही कितवे? डॉक्टर: पहिला. बहीण: दुसरी. फोटोवाला: चौथा.

त्यांनी फोटोवाल्याला फोन लावला.

"कसला तक्ता? मला काही आलेलं नाही," तो म्हणाला.

"तुम्ही कितवे, असं कोणी विचारलं तर काय सांगाल?"

"चौ..." तो म्हणाला आणि थांबला. "तिसरा. मी तिसरा. का हो?"

"काही नाही," काका म्हणाले. "सहज."

मग त्यांनी धाकट्या डॉक्टरांना फोन केला. तक्त्याचं त्यांनी ऐकून घेतलं. मागे कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

"काका, ते त्या वेळी तुम्हीच लिहिलंत ना?" धाकटे डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "बाबा म्हणायचे, माणूस विश्वासाचा आहे. म्हणूनच मी तुमच्याकडे आलो. ते भिंतीवर येता कामा नये."

"नाही येणार."

"मग ते तीन कागद जाळून टाका."

काकांनी ते चुलीवर धरून जाळले आणि राख धुऊन टाकली. संध्याकाळी त्यांनी लेकीला आडून आडून विचारलं. तिने खणाला हातसुद्धा लावलेला नव्हता.

४

त्याच आठवड्यात लेक शाळेतून आली ती हसतच.

"बाबा, पेढा द्यायला हवा. मी वारले!"

शिक्षण कार्यालयाचं पत्र होतं. आपण मयत असल्याचं अभिलेखांवरून दिसत असल्याने आपलं नाव सेवापटावरून कमी करण्यात येत आहे, वगैरे. मेलेल्या बाईला 'आपण' म्हणून लिहिलेलं पत्र वाचून शिक्षकांच्या खोलीत म्हणे सगळे पोट धरून हसले होते.

"तारीख तरी बघा. मी सहा दिवसांची असतानाच गेले. मग ही दहा वर्षं पोरांना डोंगर-नद्या शिकवतंय कोण?"

काकांनी तारीख पाहिली. ती त्या सोमवारची होती. हातातला कप त्यांनी खाली ठेवला.

"कारकुनी चूक आहे," ते म्हणाले. "एक अर्ज केला की दुरुस्त होते."

अर्ज केला. एकदा नाही, तीनदा. पण दर वेळी अर्जावरचं नाव वाचून समोरचा कारकून वर बघायचा, तो लेकीच्या खांद्यावरून पलीकडे, पुढच्या माणसाकडे. पहिल्यांदा तिने चेष्टा केली. दुसऱ्यांदा ती चिडली. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा तिने चपला काढल्या आणि तशीच खाटेच्या कडेला बसून राहिली.

"मुलं उभी राहत नाहीत, बाबा. मी वर्गात शिरते तरी आपली बोलतच राहतात. हजेरी घेतली तर एकानेही 'हजर' म्हटलं नाही. आणि मधल्या सुट्टीत माझ्या खुर्चीत एक बाई येऊन बसल्या. मी बसलेली असताना."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते मला कळत असतं तर सांगितलं नसतं का?" ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. चौतीस वर्षांत काकांनी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस ओले लागले. बाहेर ऊन पडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतताना त्यांनी एकच कप घेतला. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्यांना जाणवलं, आणि त्यांनी घाईघाईने दुसरा काढला.

५

मोठ्या डॉक्टरांचं जुनं घर आता रिकामंच होतं. त्यात फक्त आत्या राहायच्या, मोठ्या डॉक्टरांची बहीण, वय चौऱ्याऐंशी. काका दुपारी तिथे गेले. खालच्या दवाखान्यातलं सामान हलवलेलं होतं, पण औषधांचा वास भिंतींत मुरलेला होता. ते बाक मात्र जागेवर होतं.

"या," आत्या म्हणाल्या. "उशीर केलात."

"तुम्ही मला ओळखता?"

"न ओळखायला काय झालं? ती अकरा वर्षं रोज तुमची चौकशी करायची."

काका बाकावर बसले.

"दादाला लोक देव मानायचे," आत्या म्हणाल्या. "देवाच्या घरात झटके येणारी पोर कशी चालेल? एक दिवस आला आणि म्हणाला, कागदावर मिटलं. मिटलं म्हणजे काय, तर तिला वर मागच्या खोलीत ठेवलं. कागदावर मेलेल्या पोरीला शाळा नाही, मैत्रीण नाही, खिडकी नाही. अठराव्या वर्षी खरीच गेली. तेव्हा दाखला कोण देणार? मेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा दाखला मिळत नाही ना हो? तुम्हाला जास्त माहीत."

"मग तिला कुठे..."

आत्यांनी परसाच्या दाराकडे पाहिलं.

"भावंडांना बापाचा धाक होता. मलाही होता, मी काही मोठी साध्वी नव्हे. मी एकच केलं. तिने विचारलं, मी मेले असं कोणी लिहिलं? मी खोटं बोलले नाही. आणि का लिहिलं, तेही सांगितलं. मग दर वर्षी विचारायची, त्याची मुलगी आता केवढी झाली? चालायला लागली का? शाळेत कोणाचा हात धरून जाते? बापाचा?"

"तिचं नाव काय होतं, आत्या?"

आत्यांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. सुरकुतलेल्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली. "ओठांवर येतं आणि जातं. तुम्हीच लिहिलंत ना? तुम्हीच सांगा."

काकांना सांगता आलं नाही.

"वर जाऊन बघा," आत्या म्हणाल्या. "आता कुलूप नाही."

खोली लहान होती. एक लोखंडी खाट, एक कोनाडा. कमरेच्या उंचीवर चारही भिंतींचा गिलावा हाताच्या स्पर्शाने गुळगुळीत होऊन गेलेला. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, घराघरांत मुलांची उंची मोजून काढतात तशा. डावीकडच्या रेघा काकांच्या छातीपाशी येऊन थांबल्या होत्या. प्रत्येकीपुढे लिहिलं होतं, मी.

उजवीकडच्या रेघा जमिनीपासून हातभर उंचीवर सुरू होत होत्या. त्यांच्यापुढे लिहिलं होतं, त्याची.

त्या अकराव्या रेघेपाशी थांबायला हव्या होत्या. त्या थांबल्या नव्हत्या. बारावी होती, पंधरावी होती, आणि शेवटी डझनावारी रेघा एकमेकींवर बसून एकच जाड काळी पट्टी झाली होती. काका चौकटीला पाठ लावून ताठ उभे राहिले. पट्टी त्यांच्या कानाशी येत होती. लेक त्यांच्या बरोबर कानाला लागायची.

उंबऱ्यावर पेन्सिलीचा काळा चुरा पडलेला होता. त्यांनी बोट लावून पाहिलं. बोट काळं झालं.

६

तिथून ते तडक कचेरीत गेले. नाव शोधायचं, नोंद दुरुस्त करायची, स्वतःच्या सहीने कबुली लिहून द्यायची. अडतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला दुसरा उपाय सुचणार तरी कोणता?

अभिलेखाच्या खोलीतली कारकूनबाई त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. तिने ते वर्ष काढून दिलं. काकांनी पान उलटलं. अक्षर त्यांचं होतं, शाई जुनी होती, 'मागाहून' हा शेरा जसाच्या तसा होता. मृताचं नाव या रकान्यात त्यांच्या लेकीचं नाव होतं. वय, सहा दिवस. वडिलांचं नाव, त्यांचं स्वतःचं.

त्यांनी चष्मा पुसला. पान खिडकीशी नेलं. खाडाखोड नव्हती, खरवडलेलं नव्हतं. अशी खाडाखोड ओळखण्यातच त्यांची हयात गेली होती.

"कोणाची नोंद बघताय, काका?"

"लेकीची."

कारकूनबाईचा चेहरा पडला. "अगं बाई," ती म्हणाली. "तुम्हाला लेक होती? कधी बोलला नाहीत."

"आहे," काका म्हणाले. "डबा घेऊन यायची ना इथे. तू तिच्याबरोबर जेवलीयस कितीतरी वेळा."

कारकूनबाईने त्यांच्या दंडाला हळूच हात लावला आणि म्हणाली, "पाणी आणू का?"

७

घरी आले तेव्हा चार वाजून गेले होते. लेक त्यांच्या टेबलाशी उभी होती आणि तिच्या हातात एक तक्ता होता.

"हा तुमच्या वहीवर पडला होता," ती म्हणाली. "कोणाचा आहे?"

पेन्सिलीने लिहिलेला, लहान मुलाच्या ठसठशीत अक्षरात. नाव कोरं. भावंडं किती: तीन. कितवी: तिसरी. हयात की मयत, कोरं. आणि अकराव्या रकान्यात, माहिती देणाऱ्याने आपलं निवेदन लिहून सही करायची असते तिथे, एक ओळ आधीच लिहिलेली होती. त्याने मला मंगळवारी पाहिलं होतं.

"बाबा, ही कोण?"

काका खुर्चीत बसले. सांगायला चार वाक्यं पुरली असती. एक मुलगी होती. ती जिवंत असताना मी ती मेल्याचं लिहिलं. तुझ्यासाठी लिहिलं. ही खाली सहीला जागा आहे, मी सही करतो.

"मी रागावणार नाही," लेक म्हणाली. तिचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा बारीक येत होता. "काहीही असू दे. फक्त खरं सांगा. शाळेत मी कोणाला दिसत नाही. पलीकडच्या काकू माझ्या अंगावर कपडे वाळत घालायला निघाल्या होत्या आज. तुम्हाला तरी मी दिसतेय ना?"

"दिसतेस तर. वेडी आहेस का?"

"मग सांगा. ही मुलगी कोण आहे? तुम्ही तिला ओळखता?"

तिच्या मागे आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. चौकटीवर, कमरेच्या उंचीला, चार बोटं टेकलेली होती. पेन्सिलीने काळवंडलेली. दाराआडून कोणीतरी अगदी निश्चल उभं राहून ऐकत होतं. काकांना जो श्वास ऐकू येत होता तो ना त्यांचा होता, ना लेकीचा.

पेन खिशाला होता. काकांनी लेकीकडे पाहिलं. या डोळ्यांनी आजवर आपल्याकडे कसं पाहिलं ते त्यांना आठवलं. नाकासमोर चालणारा बाप. अडतीस वर्षांत एक खोटी नोंद नाही, असं ती वर्गातल्या पोरांना अभिमानाने सांगायची. हे डोळे आता आपल्याला काय म्हणून पाहतील? आज नको, त्यांनी ठरवलं. उद्या सकाळी शांतपणे सांगू.

"नाही," काका म्हणाले. "कोणाचा तरी खोडसाळपणा आहे. मी अशा कुठल्याही मुलीला पाहिलेलं नाही."

लेकीने तक्ता टेबलावर ठेवला. मग तिने मान डोलावली, पिशवी खांद्याला लावली आणि जरा मोकळ्या हवेत जाऊन येते म्हणाली. दार लागलं. काकांनी चौकटीकडे पाहिलं. बोटं तिथे नव्हती. आतून दार हलकेच पूर्ण उघडलं.

तक्ता अजून टेबलावर होता. त्यांनी तो उचलला. कोऱ्या राहिलेल्या रकान्यात आता पेन्सिलीने लिहिलेलं होतं: हयात.

८

बेल वाजली तेव्हा उन्हं कलत होती. काकांनी दार उघडलं. बाहेर एक बाई उभी होती. तिशी ओलांडलेली, खांद्याला पिशवी, बोटांना खडूची पांढरी पूड. हातात किल्ली होती आणि ती कुलपात फिरत नसावी, कारण बाई घामाघूम झाली होती.

"कुलूप बदललंत का, बाबा?" ती म्हणाली.

काकांनी चष्मा नीट केला. "कोण हवंय आपल्याला?"

बाई हसली. मग हसायची थांबली. "मी आहे, बाबा."

काकांना तिची कीव आली. कचेरीत अशी माणसं यायची. कोणाचा मुलगा हरवलेला, कोणाचा नवरा, आणि दुःखाने भ्रमिष्ट झालेली ती माणसं समोर दिसेल त्याला आपलं म्हणायची. अशांशी चढ्या आवाजात बोलायचं नाही, हे काका नव्या कारकुनांना पहिल्याच दिवशी शिकवत.

"तुमच्या वडिलांचं नाव काय?" त्यांनी मायेने विचारलं.

तिने नाव सांगितलं. ते काकांचंच नाव होतं. असतात एकाच नावाची माणसं.

"ताई, तुमचा पत्ता चुकलाय," काका म्हणाले. "मला एकच मुलगी आहे आणि ती आत आहे. तिला झटके येतात. तिला एकटीला सोडून मला असं दारात फार वेळ उभं राहता येत नाही."

बाईने त्यांचा हात धरला. बोटं गार होती. ती काहीतरी सांगत होती, कुठल्याशा नकाशांचं, आईच्या आजारपणाचं, साडेतीनला खिडकीशी उभं राहण्याचं. ओठ भराभर हलत होते, पण काकांना शब्द नीट लागत नव्हते. त्यांनी तिची बोटं एकेक करून आपल्या मनगटावरून सोडवली आणि दार लावून घेतलं.

आतल्या खोलीतून आवाज आला. "गेली का हो ती, बाबा?"

"गेली," काका म्हणाले. बाहेर दार वाजत होतं.